पेशीतला ‘ध’चा ‘मा’

नारायणराव पेशव्यांची गोष्ट तुम्ही ऐकली असेलच. पत्रातल्या ‘धरावे’ या शब्दातील ‘ध’चा कुणीतरी ‘मा’ केला आणि १७७३ साली शनिवारवाड्यात त्यांचा खून झाला, अशी आख्यायिका आहे. एका अक्षराने केवढा घात!

असाच घात आपल्या शरीरातही होऊ शकतो. पेशीच्या केंद्रकात डीएनएचा लांबलचक मजकूर असतो. त्याची अक्षरे चारच, पण मजकूर सुमारे ३०० कोटी अक्षरांचा! पेशीचे विभाजन होण्यापूर्वी या साऱ्याची नक्कल केली जाते. नक्कल म्हटली की चुका आल्याच. त्यांतील बहुतेक दुरुस्त होतात किंवा निरुपद्रवी ठरतात. एखादी मात्र भलत्या जागी पडते.

फुप्फुसाच्या कर्करोगाचेच उदाहरण घ्या. पेशीच्या पृष्ठभागावर ईजीएफआर नावाचे प्रथिन असते. ते जणू दारावरची घंटा. बाहेरून संदेश आला की ती वाजते आणि पेशी विभागू लागते. या प्रथिनात ८५८ व्या जागी ल्यूसीन हे अमिनो आम्ल असते. जनुकातले एकच अक्षर बदलले, की तेथे आर्जिनीन येऊन बसते. मग काय होते? घंटेचे बटण दाबलेलेच राहते! पेशी वाढतच जातात आणि गाठ तयार होते.

गेफिटिनिब नावाची गोळी ही घंटा बंद करते. पण ती सर्वांना लागू पडत नसे. ज्यांना तिचा चांगला गुण येतो, त्यांच्या गाठीत बहुधा असेच बदल असतात, हे २००४ साली उमगले. म्हणजे औषध देण्याआधी गाठीचा मजकूर वाचायला हवा!

तो कसा वाचतात? गाठीचा तुकडा आणि रुग्णाचे रक्त, दोन्हींतील डीएनए यंत्राने वाचतात आणि ताडून पाहतात. रक्तात नाही पण गाठीत आहे, तो बदल गाठीचा. इंग्लंडमध्ये २०१२ साली एक लाख जीनोम वाचण्याचा प्रकल्प हाती घेण्यात आला व २०१८ साली तो पुरा झाला. आता तेथे कर्करोग झालेल्या मुलांना ही संपूर्ण तपासणी नेहमीच्या उपचारांचा भाग म्हणूनच देऊ केली जाते.

मग प्रश्न सुटला का? नाही. सापडलेला प्रत्येक बदल गुन्हेगार नसतो, आणि गुन्हेगार सापडला तरी त्यावर औषध असेलच असे नाही. शिवाय गाठही हुशार! गोळी सुरू असतानाच पुष्कळदा ७९० व्या जागी नवा बदल होतो आणि गोळी निकामी ठरते. त्यासाठी ओसिमर्टिनिब हे वेगळे औषध शोधावे लागले. त्याला अमेरिकेत २०१५ साली मान्यता मिळाली. म्हणून गाठ एकदा वाचून भागत नाही, पुन्हा वाचावी लागते.

अक्षरे वाचणारी यंत्रे आज आहेत. अर्थ लावण्याचे काम मात्र पुष्कळ शिल्लक आहे. तुमच्यापैकी कोण ते हाती घेणार?