ओट्यावरचे दिवे आणि जुनी तार: काही समज, काही वस्तुस्थिती

जुन्या वाड्याचे असो, चाळीतले असो की साठ-सत्तर वर्षांच्या गृहसंस्थेतले असो, स्वयंपाकघराचे नूतनीकरण निघाले की ओट्यावरील कपाटांच्या तळाशी एलईडीच्या पट्ट्या बसविण्याची तजवीज हटकून होते. आणि पूर्वीच्या ट्यूबलाइटची तार भिंतीतून डोकावत असल्याने तिलाच नवे दिवे जोडावेत, हा विचारही ओघाने येतो. विचार काटकसरीचा आहे. परंतु ज्या समजुतींवर तो उभा असतो त्यांतील बहुतेक खातरजमा करू जाता टिकत नाहीत.

बटन बंद केले म्हणजे तारेतील वीज गेली, ही त्यांतली सर्वांत दृढ समजूत. वस्तुतः जुन्या घरांत बटन पुष्कळदा फेजऐवजी न्यूट्रलवर जोडलेले आढळते, आणि अशा जोडणीत दिवा विझला तरी त्याच्यापर्यंत आलेला 230 व्होल्टचा फेज तसाच जिवंत राहतो. बटन बंद असताही एलईडीची पट्टी रात्री मंद लुकलुकत असेल, तर या दोषाची शंका अवश्य घ्यावी, जरी बटनातील निऑनच्या बारीक दिव्यामुळेही तसे घडू शकते. त्याहून फसवी गोष्ट अशी की, काही जुन्या बोर्डांवर फेज व न्यूट्रल या दोन्ही तारांत चिनी मातीचे किटकॅट फ्यूज असतात, आणि त्यांतला न्यूट्रलचा तेवढा उपसला तर दिवे सारे विझतात, पण तारा निर्धोक होत नाहीत. सबब मेन स्विचच बंद करावा.

टेस्टर पेटला नाही म्हणून तार मृत, हे अनुमानही तितकेच कच्चे. टेस्टरमधील दिवा आपल्याच देहातून जमिनीकडे वाहणाऱ्या अत्यल्प प्रवाहावर पेटतो; कोरड्या लाकडी स्टुलावर रबरी चपला घालून उभे राहिल्यास तो इतका मंद होतो की उजेडात दिसतही नाही. उलटपक्षी, जिवंत तारेशेजारून लांबवर गेलेल्या निकामी तारेवर तो उगाच मिणमिणतो. जाणता वायरमन म्हणूनच वीज चालू असताना मल्टिमीटर तपासून घेतो, आणि मेन बंद केल्यावर फेज, न्यूट्रल व अर्थिंग यांच्या प्रत्येक जोडीत तो पुन्हा लावून पाहतो.

एलईडीला वीज ती किती लागणार, मग जुनी तार का चालू नये, असे विचारले जाते. 10 वॅटच्या पट्टीला 0.05 अँपिअरहूनही कमी प्रवाह पुरतो, हे खरे. परंतु येथे प्रश्न प्रवाहाचा नसून आवरणाचा आहे. लाकडी पट्टीवरील जुन्या तारांना रबराचे आवरण आणि त्यावर सुताचे वेष्टण असे. फोडणीची तेलकट वाफ आणि शेगडीची धग वर्षानुवर्षे सोसून ते रबर इतके ठिसूळ होते की कपाटामागून तार जराशी वाकविताच त्याचे तुकडे झडून तांबे उघडे पडते. पट्टी 12 व्होल्टची आहे हा दिलासाही अपुराच, कारण तेवढा दाब तो उतरविणाऱ्या ड्रायव्हरच्या पलीकडे असतो. अलीकडची, भिंतीतून येणारी तार 230 व्होल्टचीच, आणि बाजारात ड्रायव्हरविना थेट त्याच दाबावर चालणाऱ्या पट्ट्याही मिळतात. शिवाय दिव्याच्या त्याच तारेवरून पुढे कोणी 2000 वॅटच्या किटलीसाठी प्लग काढला की सुमारे 9 अँपिअरचा भार तिच्यावर पडतो.

एमसीबी बसविला म्हणजे माणूस सुरक्षित, हा समज सुशिक्षितांतही आढळतो. एमसीबी राखतो तारेला; त्यातला लहानसा 6 अँपिअरचा घेतला तरी माणसाचा प्राण घेण्यास पुरेसा प्रवाह त्याच्या खिजगणतीतही नसतो. जमिनीकडे गळणारा प्रवाह हेरून 30 मिलिअँपिअरला वीज तोडणारा आरसीसीबी हे माणसाचे संरक्षण. मात्र एका हातात फेज आणि दुसऱ्यात न्यूट्रल आला, तर तोही हतबल ठरतो.

जुन्या ॲल्युमिनियमच्या तारेला नवी तांब्याची तार पिळून वर चिकटपट्टी गुंडाळण्याचा प्रघात तर सर्रास आहे. असा जोड कालांतराने सैल होऊन तापतो, आणि चिकटपट्टीचा डिंक वाफेने सुटतो. दोन्ही धातूंना चालणारा कनेक्टर वापरून, उघडून पाहता येईल अशा जंक्शन बॉक्समध्येच जोड घ्यावा. तार ठेवावी की बदलावी याचा निर्णय आवरणाचा रोध मोजणारा मेगर लावून करावा, त्यापूर्वी ड्रायव्हर सोडवून ठेवावेत, आणि हे काम परवानाधारक तारतंत्र्याकडे द्यावे. बाद ठरलेली तार कपाटामागे कापून तशीच सोडण्याचा मोह मात्र टाळावा: तिचे बोर्डाकडील टोक आधी सोडवावे लागते, एरवी पुढे कधीतरी सुताराचा गिरमिट नेमका तिच्यातूनच जातो.