पहाटेची फेरी आणि कोपऱ्यावरची गाडी

दिवाळी सरली, हवेत गारवा आला की माझ्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो : "डॉक्टर, जानेवारीच्या मॅरेथॉनमध्ये ज्येष्ठांच्या दौडीत भाग घेतो आहे. झेपेल ना?" मुंबईची मॅरेथॉन २००४ पासून होते आहे. ४२.१९५ किलोमीटरच्या मुख्य शर्यतीबरोबरच तिच्यात ज्येष्ठ नागरिकांची छोटी दौड स्वतंत्रपणे असते. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन तर १९८३ पासूनची. या निमित्ताने साठी-सत्तरी ओलांडलेली मंडळी पहाटे घराबाहेर पडतात, ही आनंदाचीच गोष्ट आहे. रक्तदाब मोजून, हृदयाची तपासणी करून, बुटांविषयी चार शब्द सांगून मी त्यांना निरोप देत असे. एक प्रश्न मात्र विचारायचा राहून जाई : फेरी संपल्यावर आपण कोणत्या गाडीपाशी थांबता आणि तेथे काय घेता?

हा प्रश्न आता मी न चुकता विचारतो. त्याला एक प्रसंग कारण झाला.

माझे एक रुग्ण आहेत. वय ७२, निवृत्त शिक्षक. मधुमेहासाठी ते ग्लिमेपिराइडची गोळी घेतात. दौडीच्या तयारीसाठी त्यांनी तीन किलोमीटरची फेरी सहावर नेली. पहाटे उठताच गोळी घ्यायची, रिकाम्या पोटी निघायचे आणि परतताना पोह्यांच्या गाडीवर न्याहारी करायची, असा त्यांचा परिपाठ. एके दिवशी ते गाडीपाशी पोहोचले तेव्हा हात थरथरत होते, अंगाला घाम फुटला होता. सोबत्यांना वाटले, दमले असतील. गाडीवरील बाईंनी मात्र ओळखले. रोज "शेव घालू नका" असे बजावणारे गुरुजी त्या दिवशी भलतेच काही बोलत होते. बाईंच्या घरीही मधुमेहाचा रुग्ण होता. त्यांनी गुरुजींना बाकावर बसवले, साखरपाणी पाजले आणि घरी फोन लावला.

दुपारी मुलगा वडिलांना घेऊन माझ्याकडे आला. "यांचे धावणे आणि गाडीवरचे खाणे, दोन्ही बंद करायला सांगा," असा त्याचा आग्रह. त्याची भीती खोटी नव्हती. पण मी जुना कागद पाहिला, तेव्हा त्यावर माझ्याच अक्षरात "सकाळी एक गोळी" एवढेच लिहिलेले होते. ही गोळी पहिल्या खाण्याबरोबर घ्यायची असते. ते मी लिहिले नव्हते आणि त्यांची न्याहारी किती वाजता होते, हेही विचारले नव्हते. चूक धावण्याची नव्हती, गाडीचीही नव्हती.

रिकामे पोट आणि गोळी

चालताना व धावताना स्नायू रक्तातील साखर अधिक वेगाने वापरतात. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी औषधे चालू असतील, तर रिकाम्या पोटी केलेल्या व्यायामाने साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. थरथर, घाम, धडधड, एकाएकी लागलेली भूक, असंबद्ध बोलणे ही त्याची लक्षणे. अशा वेळी पोह्यांची वाट पाहू नये. पाव पेला पाण्यात तीन चमचे साखर विरघळवून लगेच द्यावी; पंधरा मिनिटांनी साखर मोजावी आणि ती ७० च्या खाली असल्यास पुन्हा द्यावी. माणूस बेशुद्ध असेल, तर तोंडात काहीही घालू नये. कुशीवर वळवून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. सराव वाढवण्यापूर्वी गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांकडून ठरवून घ्याव्यात. आपल्या मनाने बदलू नयेत.

गाडी निवडावी कशी?

गाडीवरचे सारेच वाईट, असे मी म्हणणार नाही. आपल्यासमोर वाफेतून निघालेली इडली, वाफाळते पोहे, आपल्यादेखत सोललेले उकडलेले अंडे, सालासकट मिळणारे केळे हे पदार्थ बहुतेकांना चालण्याजोगे आहेत. जे उकळते किंवा वाफेवर आहे ते घ्यावे. जे कच्चे, चिरून ठेवलेले किंवा पाण्यात कालवलेले आहे ते टाळावे. इडली निर्धोक असते, पोट बिघडते ते बहुधा तिच्यावरच्या चटणीने. मोड आलेली कच्ची कडधान्ये पौष्टिक खरी, पण उतारवयात ती वाफवलेलीच बरी. कोल्हापुरात धारोष्ण दुधाची जुनी आवड आहे; ज्येष्ठांनी मात्र दूध तापवूनच प्यावे, कारण कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिससारखे आजार होऊ शकतात. उसाच्या रसात साखर भरपूर आणि बर्फ कोठला, हे आपल्याला ठाऊक नसते.

गाडीवाल्याचे हात, पाणी ठेवण्याचे भांडे आणि तेलाचा रंग यांवर एक नजर टाकावी. काळपट तेलातले तळण नको. ६० किलो वजनाचा माणूस पाच किलोमीटर चालला, तर साधारण दोनशे ते अडीचशे कॅलरी खर्च होतात. एका वडापावात तो हिशेब फिटतो. शिवाय वाढत्या वयात स्नायू टिकवण्यासाठी प्रथिने लागतात. मूत्रपिंडाचा विकार नसल्यास वजनाच्या दर किलोमागे दिवसाला एक ग्रॅम किंवा थोडी अधिक. पोह्यांतून ती फारशी मिळत नाहीत, एका अंड्यातून सुमारे सहा ग्रॅम मिळतात. अंडे चालत नसेल, तर घरी परतल्यावर दूध, दही, पनीर किंवा मुगाचे धिरडे घ्यावे.

हिरव्या रसाचे पेले

बागांच्या फाटकापाशी कारले, दुधी, आवळा यांचे रस विकणाऱ्या गाड्या असतात. त्यांतील दुधीच्या रसाविषयी स्पष्ट इशारा देतो. कडू दुधीत क्युकरबिटासिन नावाची विषारी द्रव्ये असतात. असा रस पोटात गेल्यास तीव्र उलट्या, रक्ताची उलटी, रक्तदाब कोसळणे असे प्रकार होतात. त्यातून मृत्यूही झालेले आहेत. दुधी आणि कारले एकत्र केले, तर दुधीचा कडवटपणा ओळखूच येत नाही. म्हणून मिश्र रस घेऊ नये आणि दुधीचा रस कडू लागताच पेला खाली ठेवावा. कारल्याचा रस मधुमेहाच्या गोळीला पर्याय नाही. गोळीच्या जोडीला घेतल्यास साखर अधिक उतरण्याचा संभव असतो. शहाळ्याचे पाणी चांगले, पण मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी किंवा रक्तदाबाच्या काही विशिष्ट गोळ्या घेणाऱ्यांनी ते आधी विचारून घ्यावे. त्यात पोटॅशियम बरेच असते.

उभ्याने खाऊ नका

वेगाने चालून एकदम थांबले की रक्त पायांत साचते आणि खाल्ल्यावर ते पोटाकडे वळते. रक्तदाबाच्या किंवा प्रोस्टेटच्या गोळ्या चालू असतील, तर या दोहोंच्या भरीला डोळ्यांपुढे अंधारी येते. शेवटची पाच मिनिटे वेग कमी करावा आणि बसूनच खावे. बाक नसेल, तर ती गाडी आपली नव्हे.

आणखी एक. चालताना छातीत दडपण आले, डावा हात किंवा जबडा भरून आला, तर "कालचा वडा बाधला" म्हणून सोडा पिऊन वेळ घालवू नये. ते हृदयाचे दुखणे असू शकते. तेथेच थांबून १०८ ला फोन करावा.

दौडीच्या दिवशी

मॅरेथॉनच्या मार्गावर उभे राहून मुंबईकर कौतुकाने संत्र्याच्या फोडी, बिस्किटे पुढे करतात. त्या मायेला नमस्कार करावा. पण सरावात जे कधी खाल्ले नाही, ते त्या दिवशी नको. उतारवयात तहान उशिरा कळते, म्हणून थोडे थोडे पाणी घेत राहावे. मात्र एका दमात तांब्याभर पिऊ नये. अति पाण्याने रक्तातील सोडियम घटते, तेही घातकच.

घरच्यांसाठी थोडे सांगतो. पहाटेची फेरी आणि तिच्या शेवटी गाडीपाशी होणाऱ्या गप्पा हा पुष्कळ ज्येष्ठांच्या दिवसातील सर्वांत जिवंत तास असतो. तो तोडण्यापूर्वी एकदा त्या गाडीपाशी जाऊन या. गाडीवाल्याला आपला दूरध्वनी क्रमांक द्या, आजार सांगा. वडिलांच्या खिशात नाव, औषधे व संपर्क लिहिलेली चिठ्ठी आणि साखरेची पुडी असू द्या.

गुरुजींच्या मुलाने तेच केले. निघण्यापूर्वी एक केळे, गोळी पोह्यांबरोबर आणि पहिले काही आठवडे घरून निघताना साखरेची मोजणी, असा क्रम आम्ही बसवला. जानेवारीत गुरुजींनी आपली दौड पूर्ण केली, बरीचशी चालतच. परतल्यावर पदक घेऊन ते आधी पोह्यांच्या गाडीवर गेले आणि मग माझ्याकडे आले. तो क्रम मला योग्यच वाटला.