यादींतून गळालेलीं नांवें

शाळेंतील विद्यार्थ्यांचीं नांवें हल्लीं संगणकाच्या माहितीकोशांत असतात. गेल्या वर्षीं शिबिरासाठीं आम्हीं एका वर्गांतील ६० मुलांचीं नांवें आडनांवांच्या अनुक्रमानें एका ओळींत मागविलीं. तों तिसाव्या नांवापुढें यादी एकाएकीं तुटली. शेवटचें नांव तर अर्धेंच उमटलें होतें. ‘स’ आणि ‘ह’ ह्या अक्षरांचीं मुलें कोठेंच नाहींत! मूळ कोश पाहिला, तर तेथें साठही नांवें जशींच्या तशीं. म्हणजे माहिती हरवली नव्हती. उत्तर देतांना ती छाटली गेली होती.

मायएसक्यूएल नामक कोशांत अनेक नांवें जोडून एक ओळ करणारी ग्रुप-कॉन्कॅट ही सोय आहे. तिच्या उत्तरास मुळांतच १०२४ बाइटांची मर्यादा असते. बाइट म्हणजे साठवणीचें लहानसें माप. रोमन अक्षरास एक बाइट पुरतो. परंतु यूटीएफ-८ ह्या प्रचलित पद्धतींत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन लागतात, आणि काना, मात्रा, अनुस्वार हींही स्वतंत्र चिन्हें धरलीं जातात. ‘राम’ ह्या शब्दांत र, काना व म अशीं तीन चिन्हें, म्हणून ९ बाइट. ह्या हिशेबानें १०२४ बाइटांत मराठी चिन्हें मावतात अवघीं ३४१. तीच यादी रोमन लिपींत पुष्कळ पुढपर्यंत जाते. (कोशास मराठी मानवत नाहीं, असें म्हणणारे गृहस्थ आम्हांस भेटले, त्यांनीं हा भागाकार करून पाहावा.)

यंत्र अगदींच मुकें नसतें. ओळ छाटल्याची सूचना तें नोंदवून ठेवतें. मात्र ‘शो वॉर्निंग्ज’ अशी आज्ञा केल्यावांचून ती बहुधा दिसत नाहीं. म्हणून प्रथम नांवांची संख्या निराळी मोजून घ्यावी, मग उत्तराची लांबी बाइटांत पाहावी. ती १०२४ च्या लगत आली कीं चोर सांपडला. ‘ग्रुप_कॉन्कॅट_मॅक्स_लेन’ ही मर्यादा वाढवितां येते. तरी एका खेपेस पाठवावयाच्या मजकुरासही दुसरी मर्यादा असतेच. नांवें न जोडतां एकेका ओळींत एकेक मागविणें आम्हांस अधिक बरें वाटतें.

इंग्लंडांत सन २०२० मध्यें अशाच एका मर्यादेपायीं करोनाचे १५,८४१ रुग्ण दैनिक आंकड्यांतून सुटले व त्यांच्या सहवासांतील लोकांचा शोध लांबला. जुन्या एक्सेल-पत्रकांत ६५,५३६ हून अधिक ओळी मावत नाहींत, हें वेळेवर कोणाच्या ध्यानांत आलें नव्हतें.

आमच्या शिबिराची यादी त्याच सायंकाळीं पुन्हां काढली. ह्या खेपेस आधीं साठ हा आंकडा ताडून पाहिला, आणि मगच ती फळ्यावर लाविली.