आभाळातला थर्मामीटर खरा की जमिनीवरचा?

मित्रांनो, मे महिन्यात भर दुपारी नांदेडच्या डांबरी रस्त्यावर अनवाणी चालून पाहिलंय कधी? नकाच पाहू! पाय असे पोळतात, की माणूस उड्या मारतच सावली गाठतो. पण संध्याकाळी बातम्यांत सांगतात, 'नांदेडचे कमाल तापमान ४२ अंश सेल्सिअस.' आता गंमत बघा. आंघोळीचं कढत पाणीसुद्धा साधारण तेवढंच गरम असतं. त्याने काही पाय पोळत नाहीत. मग बातमी खोटी का?

मुळीच नाही! बातमीतला आकडा रस्त्याचा नसतो, हवेचा असतो. नांदेडला हवामान खात्याची वेधशाळा आहे. वेधशाळेत थर्मामीटर उन्हात टांगत नाहीत. तो असतो झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत, जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर. पेटीतून वारा खेळतो, पण ऊन आत येत नाही. या पेटीला म्हणतात 'स्टीव्हन्सन पेटी'. ती तयार केली थॉमस स्टीव्हन्सन या दीपगृहं बांधणाऱ्या इंजिनिअरने. 'ट्रेझर आयलंड' लिहिणारा रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन हा त्याचाच मुलगा बरं का!

आता वर आभाळाकडे चला. भारताचा इन्सॅट-३डीएस हा उपग्रह फेब्रुवारी २०२४ मध्ये सोडला गेला. तो सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरून आपल्याकडे बघतो. तो थर्मामीटर कुठे लावणार? पण प्रत्येक तापलेली वस्तू डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण बाहेर टाकते. ते मोजून उपग्रह तापमान काढतो. मात्र आकाश निरभ्र असेल तर हे तापमान जमिनीच्या पृष्ठभागाचं असतं. उन्हाळ्यात मराठवाड्यातली काळी, कोरडी माती दुपारी ५० अंशांच्याही वर जाते. म्हणजे दोघंही खरंच बोलतात, पण दोन वेगळ्या गोष्टींबद्दल!

दक्षिण ध्रुवाकडे तर उलटाच प्रकार. अंटार्क्टिकातल्या व्होस्टॉक केंद्रावर २१ जुलै १९८३ रोजी हवेचं तापमान उणे ८९.२ अंश नोंदलं गेलं. पुढे उपग्रहांना तिथल्या पठारावर बर्फाचा पृष्ठभाग उणे ९८ अंशांपर्यंत गार झालेला आढळला. शास्त्रज्ञांनी हिशेब केला, तेव्हा तिथली हवा उणे ९४ च्या आसपास असावी असं निघालं. आपल्याकडे दुपारी जमीन हवेपेक्षा तापते, तिथे लांबच लांब रात्रीत ती हवेपेक्षा गारठते.

मग आपल्याला दोन्ही आकडे कशाला हवेत? उष्णतेच्या लाटेचा इशारा द्यायचा तर हवेचं तापमान लागतं, कारण आपण हवेत वावरतो. पण वेधशाळा सांगते ती एका जागेची गोष्ट. मधल्या शेकडो गावांचं काय? तिथे उपग्रह मदतीला येतो. त्याची अडचण एकच. मध्ये ढग आले की त्याला जमीन दिसत नाही. म्हणून शास्त्रज्ञ दोघांच्या नोंदी एकाच वेळेच्या घेऊन ताडून पाहतात.

उपग्रहाचा आणखी एक मोठा उपयोग आहे. माठातलं पाणी गार का होतं, ठाऊक आहे ना? पाझरलेल्या पाण्याची वाफ होताना ती उष्णता घेऊन जाते. ओल्या शेताचंही तसंच. ओल आटली की शेत जास्त तापतं. म्हणजे जमिनीचा ताप पाहून दुष्काळाची चाहूल लागू शकते. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. घरी आईबाबांना विचारा, त्यांना आठवत असेल. ज्या भागात असे दिवस येतात, तिथे ही चाहूल लवकर लागणं किती मोलाचं!

एक प्रयोग करून बघा. दोन कुंड्यांत सारखीच माती घ्या. एकीत पाणी घाला, दुसरी कोरडी ठेवा. सकाळच्या उन्हात तासभर ठेवून दोन्हींना हात लावा. कोणती गार लागते? उत्तर वहीत लिहून ठेवा. आणि हो, ताप मोजायचा काचेचा थर्मामीटर मात्र मातीत खुपसू नका. तो ४२ अंशांपर्यंतचाच असतो, जास्त तापला तर फुटेल!