आंबा संपल्यावरची यादी

मिरगाचा पहिला पाऊस पडला की देवगडातल्या बागांमधली धावपळ थांबते. झेले पडवीत उभे राहतात, उरलेले खोके माळ्यावर जातात आणि टेबलावर एक वही राहते. हंगामभराचं गिऱ्हाईक त्या वहीत असतं. कोथरूडच्या काकू, पाच डझनी दोन पेट्या. ठाण्याचे आजोबा, पैसे दुबईहून मुलगा पाठवतो. पुढच्या मार्चमध्ये ही वही शोधायची वेळ येते तेव्हा निम्मे नंबर बदललेले असतात आणि अर्धी नावं कुणाची हे आठवत नाही.

ही वही ईमेलच्या यादीत कशी बदलायची आणि ती यादी वर्षानुवर्षं जिवंत कशी ठेवायची, ते इथे एकेक पायरी घेऊन सांगतो. उदाहरण हापूसचं घेतलं, कारण या धंद्याची अडचण मोठी आहे. माल जेमतेम तीन महिने, आणि उरलेले नऊ महिने गिऱ्हाइकाने तुम्हाला विसरायला पुरेसे. दिवाळी अंक, गणपतीच्या मूर्ती, उन्हाळी कुरडया-पापड विकणाऱ्यांचंही तेच.

पहिला प्रश्न सगळे विचारतात: व्हॉट्सअ‍ॅप असताना ईमेल कशाला? व्हॉट्सअ‍ॅप जरूर वापरा, पण त्याच्या ब्रॉडकास्ट यादीला २५६ जणांची मर्यादा आहे आणि ज्याने तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये साठवला आहे त्यालाच तो निरोप पोहोचतो. फेसबुकवरची पोस्ट कुणाला दाखवायची हे फेसबुक ठरवतं. ईमेलची यादी मात्र तुमच्याकडे साध्या तक्त्याच्या फाइलमध्ये असते. आज एका सेवेतून पत्रं पाठवता, उद्या ती महाग झाली तर तीच फाइल उचलून दुसरीकडे जाता येतं. शिवाय ईमेल नीट शोधता येतं. मार्चमध्ये आलेलं भावाचं पत्र गिऱ्हाईक एप्रिलमध्ये ‘हापूस’ टाइप करून काढतं.

आता पत्ता मिळवायचा कसा. सर्वांत चांगली जागा पेटीच्या आत आहे. गवतावर एक छापील चिठ्ठी ठेवा: आंबा कसा पिकवायचा, कच्चा असताना फ्रिजमध्ये का ठेवू नये, आणि खाली एक क्यूआर कोड. माणूस पेटी उघडतो त्या क्षणी घरभर वास सुटलेला असतो. तुमच्याबद्दल त्याला याहून जास्त आस्था वर्षात कधी वाटणार नाही. कोड उघडला की फॉर्ममध्ये तीनच गोष्टी विचारा: नाव, ईमेल, शहर. जन्मतारीख, घरात माणसं किती, असलं काही नको. प्रत्येक वाढीव रकान्यापाशी थोडी माणसं फॉर्म सोडून जातात, आणि घेतलेली माहिती सांभाळायची जबाबदारीही तुमच्यावरच येते.

फॉर्मवर काय लिहायचं, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. ‘अपडेट्ससाठी नोंदणी करा’ हे वाक्य काहीच सांगत नाही. त्याऐवजी असं लिहा: ‘बागेची खबर आणि पुढच्या हंगामाचा भाव आम्ही वर्षातून आठ-नऊ पत्रांनी कळवू. नको झाल्यास प्रत्येक पत्राच्या तळाशी एका टिचकीत थांबवता येईल.’ मग एक रिकामी चौकट ठेवा आणि तिच्यात खूण गिऱ्हाइकालाच करू द्या. आधीच खूण केलेली चौकट म्हणजे त्याच्या वतीने तुम्हीच दिलेला होकार.

आपल्याकडे २०२३ साली डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. तो टप्प्याटप्प्याने लागू होतो आहे. संमती मोकळेपणाने, नेमक्या कामासाठी आणि समजून-उमजून दिलेली असावी, आणि ती देणं जितकं सोपं तितकंच काढून घेणंही सोपं असावं, असं तो म्हणतो. त्यातली एक तरतूद मला फार आवडते. माहिती कशासाठी घेता हे सांगणारी सूचना इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय माणसाला मिळाला पाहिजे. मराठीही तिथे आहे, कोकणीही आहे. तेव्हा कुठल्या तरी इंग्रजी फॉर्मची नक्कल कशाला करायची? फोन आणि एसएमएससाठी ट्रायची डीएनडी नोंदणी आहे, ईमेल तिच्यात येत नाही. म्हणून इथे संमतीची काळजी आपणच जास्त घ्यायची.

ठाण्याच्या आजोबांचंच पाहा. पैसे मुलाने दिले, ऑर्डर मुलाने केली, पेटी आजोबांकडे गेली. होकार मुलाचा आहे. घरपोच करण्यासाठी दिलेला आजोबांचा पत्ता आणि नंबर तेवढ्याच कामापुरता होता. तो गुपचूप यादीत घालायचा नाही. त्यांना खबर हवी असेल तर पेटीतली चिठ्ठी त्यांच्या हातात आहेच.

फॉर्म भरला की लगेच एक छोटं पत्र जाऊ द्या: ‘हा पत्ता तुमचाच ना? असल्यास इथे टिचकी द्या.’ टिचकी आली तरच नाव यादीत. याला दुहेरी होकार म्हणतात. यात काही नावं गळतात आणि मालकाला ते जिवावर येतं, हे मला माहीत आहे. पण गळतात कोण? घाईत पत्त्यातलं एक अक्षर चुकवलेले, दुसऱ्याचाच पत्ता टाकलेले, आणि फॉर्म आपोआप भरत फिरणारे संगणकी कार्यक्रम. यांना पाठवलेलं प्रत्येक पत्र पुढे तुमच्याच अंगावर येतं. होकाराची तारीख आणि तो कुठून आला, पेटीतल्या कोडवरून की प्रदर्शनातल्या स्टॉलवरून, एवढी नोंद नावापुढे ठेवा.

हंगामाच्या तोंडावर कुणीतरी ‘मुंबई-पुण्याचे लाखभर ईमेल’ विकायला येतं. ते अजिबात घेऊ नका. ३ मे १९७८ रोजी अमेरिकेत डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या गॅरी थर्क यांनी संगणकांच्या जाहिरातीचं एकच पत्र अर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वज जाळ्यावरच्या सुमारे चारशे जणांना न विचारता पाठवलं होतं. आगंतुक ईमेलची गोष्ट तिथून सुरू झाली असं मानतात, आणि तेव्हाही लोक चिडलेच होते. आज चिडण्यापलीकडची यंत्रणा आहे. विकत मिळणाऱ्या याद्यांमध्ये सापळ्याचे पत्ते असतात. काही जुने, मालकाने कधीच सोडून दिलेले. काही तर कुठल्याच माणसाने कधी न वापरलेले. अशा पत्त्यावर पत्र आलं याचा अर्थ पाठवणाऱ्याने परवानगी घेतलेली नाही, हे ईमेल सेवांच्या दारात स्पॅम रोखणाऱ्या राखणदारांना तत्काळ कळतं. मग तुमचं नाव काळ्या यादीत जातं आणि कोथरूडच्या काकूंना जाणारं पत्रही स्पॅममध्ये पडतं.

राखणदार तुम्हाला ओळखतात कसे, हेही समजून घ्यायला हवं. जीमेलचा फुकटचा पत्ता ‘पाठवणारा’ म्हणून लावून दुसऱ्याच सेवेतून शेकडो पत्रं सोडली, तर ती जीमेलकडून आल्याचं सिद्ध होत नाही. म्हणून बागेच्या नावाचं स्वतःचं डोमेन घ्या, वर्षाचा खर्च साधारण एका पेटीच्या आत बसतो. मग त्या डोमेनवर तीन नोंदी करायच्या. एसपीएफ म्हणजे ‘माझा माल फक्त या गाड्यांतून येतो’ अशी नाक्यावर दिलेली यादी. डीकिम म्हणजे पेटीवरचं सील: वाटेत कुणी उघडून बदल केला तर ते जुळत नाही. आणि डीमार्क म्हणजे नाक्यावरच्या माणसाला दिलेली सूचना: गाडी किंवा सील यांपैकी एकही खूण माझ्या नावाशी जुळली नाही तर पेटी आत घ्यायची, बाजूला ठेवायची की परत पाठवायची. या नोंदींची वाक्यं ईमेल सेवा तयार करून देते, ती डोमेनच्या खात्यात नेमक्या जागी चिकटवायची. अर्ध्या तासाचं काम आहे. ते कधीच केलेलं नसतं म्हणूनच पुष्कळ छोट्या उद्योजकांची पत्रं पोहोचत नाहीत.

फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने आणि याहूने हे कडक केलं. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला पाच हजारांहून जास्त पत्रं पाठवणाऱ्यांना या तिन्ही नोंदी आणि एका टिचकीत बाहेर पडण्याची सोय सक्तीची झाली. ‘स्पॅम’ म्हणून तक्रारी ०.३ टक्क्याच्या खाली राहिल्या पाहिजेत, म्हणजे हजारात तीनही जास्त. तुम्ही पाच हजार पाठवणार नाही, पण राखणदार तोच आहे आणि त्याची नजरही तीच. म्हणून ‘पत्रं थांबवा’ हा दुवा बारीक, करड्या अक्षरांत लपवू नका. जायचा रस्ता सापडला नाही की माणूस स्पॅमचं बटण दाबतो.

आता पाठवायचं काय? बरेचजण सहा महिने गप्प बसतात आणि मार्चमध्ये अचानक ‘बुकिंग सुरू’ म्हणून सर्वांना एकदम पत्र टाकतात. वाचणाऱ्याला आपण नाव कधी दिलं तेच आठवत नाही, आणि राखणदारालाही मुक्या डोमेनवरून एकाएकी आलेला लोंढा खटकतो. पण आंब्याच्या बागेला वर्षभर सांगण्यासारखं काही ना काही असतंच. पावसाळ्यात खतं घातली, रान काढलं. नोव्हेंबर-डिसेंबरात थंडी पडली की नाही आणि मोहोर कसा आहे. जानेवारीत तुडतुडा आला का. मग फळ वाटाण्याएवढं, गोटीएवढं, सुपारीएवढं झालं, त्याचा फोटो. अवकाळी पावसाने मोहोर गळला असेल तर तेही त्याच आठवड्यात लिहा. डोंबिवलीच्या चाळीत वाढलेल्या, आजोळ कोकणात असलेल्या माणसाला हे पत्र दुकानाची जाहिरात वाटत नाही; गावाकडची खबर वाटते, आणि ती खरंच खबर असते. एप्रिलमध्ये भाव गेल्या वर्षीपेक्षा चढा का, याचं उत्तर त्याने जानेवारीतच वाचलेलं असतं.

भावाचं पत्र सगळ्यांना सारखं नको. फॉर्ममध्ये शहर विचारलं ते याचसाठी. पुण्याला गाडी मंगळवारी जाणार असेल तर ते नागपूरकराला कशाला? गेल्या वर्षी पेटी घेतलेल्यांना दोन दिवस आधी कळवा. पहिल्या तोडीवर त्यांचा हक्क आहे. ज्यांच्या फळात साका, म्हणजे आतून बिघडलेला गर, निघाला होता आणि ज्यांनी तसं कळवलं होतं, त्यांना वेगळं, स्वतः लिहिलेलं पत्र जायला हवं.

मजकूर देवनागरीत, अक्षरांतच लिहा. आपल्याकडे सगळं पोस्टरच्या चित्रात कोंबायची सवय आहे. चित्र उघडलं नाही तर पत्र कोरं दिसतं, शोधलं तर सापडत नाही, आणि दृष्टिहीन वाचकाला त्याचा फोन ते वाचून दाखवू शकत नाही. एक तांत्रिक गोष्ट मात्र सांभाळा. युनिकोडच्या नेहमीच्या साठवणीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्राही, तीन बाइट घेतं. इंग्रजी अक्षर एक घेतं. जीमेल साधारण १०२ किलोबाइटनंतर पत्र कापून ‘पूर्ण पाहा’ असं लिहितं. नुसता मजकूर कधी तेवढा भरत नाही, पण तयार साच्यांमधली सजावटीची संगणकी भाषा भरपूर जागा खाते. पत्र कापलं गेलं की तळाशी असलेला ‘थांबवा’चा दुवाही दिसेनासा होतो, आणि मग पुन्हा तेच स्पॅमचं बटण. साचा साधा निवडा.

यादीची निगा म्हणजे छाटणी. पत्र परत आलं की त्याबरोबर एक आकडा येतो. पाचने सुरू होणारा, उदाहरणार्थ ५५०, म्हणजे बहुधा तो पत्ताच उरलेला नाही, नाव काढा. चारने सुरू होणारा म्हणजे तात्पुरती अडचण. सेवा पुन्हा प्रयत्न करते. दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती गूगल बंद करू शकतं, तेव्हा दरवर्षी काही पत्ते वाळणारच. ज्यांनी ‘नको’ म्हटलं त्यांचे पत्ते मात्र वेगळ्या ‘पाठवू नये’ यादीत ठेवा. नाहीतर जुनी एक्सेल फाइल पुन्हा चढवताना तीच माणसं परत आत येतात.

किती जणांनी पत्र उघडलं, या आकड्यावर जीव टाकू नका. हा आकडा पत्रात दडवलेल्या एका बारीक चित्रावरून मोजतात. सप्टेंबर २०२१ पासून अ‍ॅपलच्या मेलमध्ये ही चित्रं वाचकाने पत्र पाहिलं नसलं तरी आधीच उतरवून घेण्याची सोय आली, त्यामुळे आकडा फुगतो. टिचक्या, उत्तरं आणि पेट्या मोजा. वर्षभर काहीच हालचाल नसलेल्यांना ‘पाठवत राहू का?’ असं एकदा विचारून मग काढा, असा सर्वसाधारण सल्ला असतो. आंब्याच्या बाबतीत तो जसाच्या तसा पाळू नये असं मला वाटतं. कोथरूडच्या काकू कधीच टिचकी देत नाहीत. पत्र वाचतात आणि फोन उचलतात. म्हणून काढण्याआधी प्रत्येक नाव ऑर्डरच्या वहीशी ताडून पाहा.

शेवटची तोड झाली की एक पत्र पाठवा: यंदाचा आंबा संपला, पेटी कशी निघाली ते उत्तरात लिहा. हे पत्र तुमच्याच पत्त्यावरून जाऊ द्या, उत्तर न स्वीकारणाऱ्या पत्त्यावरून नव्हे, आणि आलेली उत्तरं स्वतः वाचा. कुणाला फळ लहान वाटलं, कुणी बदली होऊन नाशिकला गेलं, कुणाचे आजोबा यंदा नाहीत. ते सगळं त्या त्या नावापुढे टिपून ठेवा. मग फाइल उतरवून घ्या, तिला पासवर्ड लावा, एक प्रत पेन ड्राइव्हवर घेऊन तो कोरड्या डब्यात ठेवा. पावसात देवगडला वीज जात-येत राहते.