दातातली कीड म्हणजे अळी नव्हे!

‘दाताला कीड लागली’ असे आपण सहज म्हणून जातो. शब्दच असा, की दातात एखादी अळी शिरून कुरतडते आहे असे वाटावे. याच समजुतीवर रिंगणीच्या बियांची धुरी देऊन ‘कीड पाडून’ दाखवणाऱ्यांचे पोट चालते. परंतु दातात अशी अळी नसतेच. पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने १७२८ सालीच ही समजूत खोडून काढली होती.

मग कीड म्हणजे काय? दातावर जो चिकट थर साचतो, त्यात असंख्य जंतू असतात. चहातली साखर, बिस्किटे, गोळ्या हे त्यांचे खाद्य. ते मिळाले की काही मिनिटांतच ते आम्ल तयार करतात. दाताचे वरचे कवच, म्हणजे एनॅमल, हा आपल्या शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ. त्याच्या वजनाचा सुमारे ९६ टक्के भाग क्षारांचा असतो. पण आम्लापुढे तेही विरघळते. लाळ हे आम्ल निवळवते आणि गेलेले क्षार हळूहळू परत भरते. मात्र मुलाच्या तोंडात सारखे काहीतरी गोड पडत राहिले, तर लाळेला सवडच मिळत नाही.

सुरुवातीला दातावर खडूसारखा पांढरा डाग दिसतो. तो दुखत नाही, कारण एनॅमलला संवेदना नसते. इथवरचे नुकसान भरून येऊ शकते. एकदा खड्डा पडला की एनॅमल पुन्हा तयार होत नाही. कीड आतल्या मऊ थरात पसरते, मग नसेपर्यंत पोचते. रात्रभर ठणका लागतो, गाल सुजतो. मुलाची शाळा बुडते, आईबापाची रोजी बुडते आणि थोडक्यात भागणारे काम रूट कॅनलच्या खर्चावर जाते.

‘दुधाचाच दात आहे, पडेल’ असे आपल्या घरोघरी ऐकू येते. पण सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांमागे एक नवी दाढ येते. ती येताना कुठलाही दात पडत नाही, म्हणून तीही दुधाचीच वाटते. ती मात्र कायमची असते!

तेव्हा आपण एवढे करूया :

* मिश्री, राखुंडी, कोळसा सोडून फ्लोराइडची टूथपेस्ट वापरावी. तीन वर्षांखालील मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी पुरे.
* सकाळी आणि रात्री झोपण्यापूर्वी ब्रश करावा. लहान मुलांचे दात मोठ्यांनी घासावेत.
* बाळाला दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवू नये.
* महिन्यातून एकदा ओठ उचलून मुलांचे दात उजेडात पाहावेत.

पांढरा डाग दिसला तर दुखण्याची वाट पाहू नये. मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालयांची रुग्णालये आहेत. मुंबईत महापालिकेचे नायर दंत रुग्णालयही आहे. तेथे खासगी दवाखान्यापेक्षा बरेच कमी पैसे लागतात. धुरीवाल्याला द्यायचे पैसे त्या प्रवासाला वापरलेले बरे.