सराफाची गादी आणि गिऱ्हाइकाचा हात

काशीस गेलेला मराठी यात्रेकरू गंगास्नान, विश्वेश्वराचे दर्शन आणि घाटावरील धर्मकृत्ये आटोपली की सहसा बाजाराकडे वळतो. चौकातून आत शिरणाऱ्या अरुंद गल्ल्यांपैकी एक ठठेरी बाजाराकडे जाते. ठठेरी म्हणजे तांबट. नाव तांब्यापितळेच्या भांड्यांवरून पडले असले, तरी या बाजारात आणि चौकाच्या आसपास सोन्याचांदीच्या पेढ्याही पुष्कळ आहेत. जुन्या वळणाच्या पेढीवर काचेची कपाटे कमी आणि बैठक मोठी असते. शुभ्र चादर अंथरलेली गादी, पाठीशी लोड, एका बाजूस तराजू आणि मागे तिजोरी, असा तिचा थाट. गिऱ्हाईक पायातले काढून गादीवर बसते आणि दागिने त्याच्यासमोर त्याच चादरीवर मांडले जातात. विकणारा आणि घेणारा यांच्यामध्ये कसलाही आडपडदा नसतो.

या रीतीत मोठा जिव्हाळा आहे, पण जोखीमही तेवढीच आहे. कापड दुकानातून ठाण चोरणे सोपे नसते, कारण ते काखेत मावत नाही. सोन्याची अंगठी मात्र मुठीत मावते, आणि तिची किंमत कापडाच्या अनेक ठाणांइतकी असते. शिवाय दागिना हाताळल्यावाचून कोणी विकत घेत नाही. नथ नाकाशी धरून पाहावी लागते, बांगडी मनगटात चढवावी लागते, ठुशी गळ्यात घालून पाहावी लागते. माल परक्याच्या हाती दिल्याशिवाय विक्री होत नाही आणि हाती दिला की तो जाण्याची भीती आलीच. सराफी धंद्यातील ही अडचण फार जुनी आहे.

ती किती जुनी आहे हे कौटिल्याच्या अर्थशास्त्रावरून कळते. हा ग्रंथ म्हैसूर येथे १९०५ साली शामशास्त्री यांच्या हाती लागला आणि १९०९ साली छापून प्रसिद्ध झाला. त्याच्या दुसऱ्या अधिकरणात राजाच्या सुवर्णशाळेचे वर्णन आहे. तिला चार दालने असावीत, पण दार एकच असावे; ज्याचे तेथे काम नाही त्याने आत पाऊल ठेवू नये; कारागिरांची येताना आणि जाताना झडती व्हावी; सोने तोलून द्यावे, तोलून परत घ्यावे आणि सकाळ-संध्याकाळ मोहोर लावून ठेवावे, असे तेथील नियम आहेत. याहून मौजेचा भाग पुढेच येतो. सोने कोणकोणत्या निमित्ताने लांबवले जाते याची एक यादी ग्रंथकाराने दिली आहे. तीत हातचलाखी आणि खोटी वजने तर आहेतच, पण डोक्यावरचे वस्त्र, मांडी, माशी हाकलणे आणि स्वतःच्या अंगाकडे पाहणे यांचाही समावेश आहे. माशी हाकलण्यासारखी निरुपद्रवी हालचालही त्या चाणाक्ष पुरुषाच्या नजरेतून सुटली नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. कौटिल्याचा संशय गिऱ्हाइकावर नाही, तो सोनारावर आहे. ज्याच्या हाती दुसऱ्याचे सोने येते त्याच्यावर लक्ष ठेवावे, एवढाच त्याचा आशय. त्या काळी सोने गिऱ्हाइकाकडून कारागिराच्या हाती जात असे. आजच्या दुकानात ते सराफाकडून गिऱ्हाइकाच्या हाती जाते. भूमिका बदलल्या, पण तत्त्व कायम राहिले. दक्षता ही कोणा एका पक्षाची निंदा नसून व्यवहाराचा धर्म आहे.

दुकानात दागिने पाहता पाहता होणाऱ्या चोरीचे मुख्य प्रकार दोनच. पहिला लांबवण्याचा. चार-पाच तबके बाहेर काढावयास लावून, हे नको ते दाखवा म्हणत पसारा वाढवला जातो, आणि पसाऱ्यात एक नग नाहीसा होतो. तो पदराच्या घडीत, केसांच्या अंबाड्यात, बरोबरच्या मुलाच्या खिशात किंवा क्वचित तोंडातही जातो. दुसरा प्रकार बदलीचा. खरी अंगठी उचलली जाते आणि तिच्या जागी तशाच घडणीची मुलाम्याची अंगठी ठेवली जाते. तबकातील संख्या पुरी भरते आणि दुकान बंद करताना कोणालाच काही उमगत नाही. चोरी उघडकीस येते ती कित्येक दिवसांनी, आणि तोवर तिचा माग पुसला गेलेला असतो.

दोन्ही प्रकारांत चोराचे खरे हत्यार त्याचा हात नसून विक्रेत्याचे ढळलेले लक्ष असते. माणसाची नजर हलणाऱ्या वस्तूमागे जाते आणि कान प्रश्नामागे जातो. एक जण भाव विचारतो, दुसरा पाणी मागतो, तिसरा वरच्या फळीवरील डबी दाखवा म्हणतो. विक्रेता पाठ फिरवतो, आणि तेवढा क्षण पुरेसा होतो. धनत्रयोदशीस ही अडचण शतगुणित होते. काशीत त्या दिवसापासून थोडेच दिवस अन्नपूर्णेच्या सुवर्णमूर्तीचे दर्शन खुले असते. दर्शनाला लोटलेली गर्दी आणि सोने खरेदीची गर्दी एकाच परिसरात मिसळते. अशा दिवशी विक्रेत्याने केवळ स्मरणावर भिस्त ठेवणे म्हणजे फसवणुकीला आमंत्रण देणे होय.

म्हणून जाणत्या पेढीवर स्मरणाऐवजी शिस्तीवर भर असतो. तिचा पहिला नियम असा, की एक वस्तू आत गेल्याशिवाय दुसरी बाहेर येऊ नये. गिऱ्हाइकाला दहा अंगठ्या पाहावयाच्या असतील तर दहाही दाखवाव्यात, पण एकामागून एक. दुसरा नियम तबकाचा. तबकात ठरावीक खाचा असाव्यात आणि प्रत्येक खाचेत एकच नग असावा. रिकामी खाच पाहणाऱ्याशी आपण होऊन बोलते; ढिगातून गेलेला नग मात्र बोलत नाही. विकल्या गेलेल्या नगाच्या जागी लगेच दुसरा ठेवावा, म्हणजे रिकाम्या खाचेचा अर्थ एकच उरतो.

तिसरा नियम तोलाचा. मोजणीने लांबवणूक कळते, बदली कळत नाही. ती कळते ती तराजूने. शुद्ध सोने पाण्याच्या १९.३ पट जड असते. बावीस कॅरटच्या सोन्यात तांबे आणि चांदी मिसळलेली असल्याने ते १७ ते १८ पट भरते. पितळ मात्र सुमारे साडेआठ पटच जड असते. त्यामुळे आकाराने हुबेहूब असलेली पितळी अंगठी वजनात निम्म्याच्या आसपास भरते. छत्तीस अंगठ्यांचे तबक दाखवण्यापूर्वी १८० ग्रॅम भरले आणि नंतर १७७.५ ग्रॅम भरले, तर संख्या पुरी असूनही पाच ग्रॅमची एक अंगठी बदलली गेली असावी, हे गिऱ्हाईक गादीवरून उठण्यापूर्वीच कळते. बारा माशांचा तोळा आणि आठ गुंजांचा मासा, या हिशेबाने तोळ्यात ९६ गुंजा होत आणि एक तोळा ११.६६ ग्रॅमचा. जुने सराफ गुंजेचा फरक डोळ्यांनी टिपत. आजचा विजेवर चालणारा काटा त्याहून बारीक फरक आकड्यात दाखवतो.

चौथा नियम प्रकाशाचा, आणि बनारसला तो विशेष लागू आहे. येथील गुलाबी मीनाकारी प्रसिद्ध आहे. पांढऱ्या मिन्यावर गुलाबी रंगाची फुले चितारण्याच्या या कलेला भौगोलिक मानांकनही लाभले आहे. तिची नाजूक छटा पारखावयास चांगला उजेड हवा. पण गल्लीतील दुकानांत सूर्यप्रकाश क्वचितच पोहोचतो. त्यामुळे रंग पाहण्यासाठी गिऱ्हाईक दागिना घेऊन उंबरठ्यापाशी जाऊ पाहते. त्याचा हेतू शुद्ध असतो, पण उंबरठा ओलांडला की गर्दीची गल्ली सुरू होते. अशा वेळी गिऱ्हाइकास अडवणे अशिष्ट आणि जाऊ देणे धोक्याचे. यावर उपाय एकच: दिवसासारखा स्वच्छ उजेड देणारा दिवा आणि हाती धरावयाचा आरसा गादीवरच असावा. हातच्या काकणाला आरसा कशाला, अशी मराठीत म्हण आहे. सराफाच्या पेढीवर मात्र काकणालाही आरसा हवा, कारण जवळ ठेवलेला आरसा गिऱ्हाइकास जागेवर बसवतो. गादीवरील शुभ्र चादरही अशीच उपयोगी आहे. ती ताणून घातली असेल तर निसटलेले मणीही तिच्यावर उठून दिसतात. तिला चुण्या पडू दिल्या तर तीच वस्तू लपवते.

अलीकडे या जुन्या नियमांना नव्या साधनांची जोड मिळाली आहे. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्क असलेल्या सोन्याच्या दागिन्यावर अक्षरे आणि अंक मिळून सहा चिन्हांचा स्वतंत्र ओळखक्रमांक असल्याशिवाय तो विकता येत नाही. चोरीस गेलेला नग पुढे सापडला तर तो कोणाचा, हे या क्रमांकावरून सांगता येते. दोन ग्रॅमपेक्षा हलके दागिने, तसेच कुंदन, पोलकी आणि जडावाचे काम यांना मात्र या सक्तीतून सूट आहे. म्हणून अशा नगांचे छायाचित्र आणि वजन वहीत नोंदवून ठेवणे अगत्याचे ठरते. भिंतीवरील कॅमेरा घडलेले दाखवतो, पण घडू पाहणारे थांबवण्यास समोर बसलेल्या माणसाचे सावध डोळेच लागतात.

एवढे करूनही नग कमी भरला तर काय करावे? येथे खरी कसोटी लागते. सोने कसोटीच्या दगडावर पारखतात. माणसाची पारख अशा प्रसंगी होते. घाबरलेला विक्रेता मोठ्याने ओरडतो, दार लावतो आणि समोर बसलेल्या गरीब दिसणाऱ्या माणसावर बोट रोखतो. मराठीत चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याची जी म्हण आहे, ती संन्याशांच्या या नगरीत तरी अक्षरशः खरी ठरू नये. पुष्कळदा हरवलेली अंगठी चादरीच्या घडीत, दुसऱ्या तबकात किंवा विक्रेत्याच्याच मुठीत सापडते. तोवर एखाद्या यात्रेकरू स्त्रीची चारचौघांत जी मानहानी झालेली असते, ती क्षमायाचनेने भरून येत नाही. दुसरा बळी दुकानातला पोऱ्या. पुरावा नसता त्याच्या पगारातून नुकसान कापले जाते, आणि चोरीपेक्षा चोरीचा आळच त्याला आयुष्यभर पुरतो.

कायदाही याच विवेकाची अपेक्षा करतो. १८६० च्या भारतीय दंड संहितेत चोरीची व्याख्या समजावताना एक अंगठीचेच उदाहरण दिले होते. दुसऱ्याच्या घरी मेजावर पडलेली अंगठी पाहून एखाद्याने झडतीच्या भीतीने ती लगेच नेली नाही, पण पुढे उचलून विकण्याच्या इराद्याने त्याच घरात लपवली, तर ती जागची हलवताच चोरीचा गुन्हा घडला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्येही हे उदाहरण कायम आहे. तेव्हा माल दुकानाबाहेर नेला नव्हता, हा चोराचा बचाव होऊ शकत नाही. मालमत्ता ठेवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या इमारतीतील चोरीस कलम ३०५ प्रमाणे सात वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. परंतु दुकानदारास परक्याच्या अंगाची झडती घेण्याचा अधिकार नाही. गंभीर गुन्हा डोळ्यांदेखत घडला तर सामान्य नागरिकही गुन्हेगारास धरू शकतो; मात्र त्याला विनाविलंब, अधिकात अधिक सहा तासांच्या आत, पोलिसांच्या स्वाधीन केले पाहिजे. केवळ संशयावरून कोणास कोंडून ठेवणे हाच उलट गुन्हा ठरू शकतो. म्हणून प्रथम आपली मोजणी पुन्हा करावी, चादर आणि तबके पाहावीत, नंतर सर्वांस सारख्याच सौजन्याने विचारावे, आणि संशय उरल्यास पोलिसांस बोलवावे.

शिक्षा कठोर केल्याने ही चोरी थांबेल, अशी कल्पना एके काळी इंग्लंडात रूढ होती. तेथे १६९९ च्या कायद्याने दुकानातून पाच शिलिंग किंवा अधिक किमतीचा माल गुपचूप चोरणाऱ्यास देहान्त शासन ठरवले. परिणाम विपरीत झाला. क्षुल्लक मालासाठी माणूस फाशी जावा हे ज्यूरीतील लोकांस सोसेना. ते शपथेवर असूनही मालाची किंमत पाच शिलिंगांहून कमी ठरवू लागले. अखेर एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ती शिक्षा रद्द झाली. इटालियन विचारवंत बेकारिया याने १७६४ सालीच सांगितले होते, की गुन्ह्यास आळा बसतो तो शिक्षेच्या क्रौर्याने नव्हे, तर ती टळणार नाही या खात्रीने. सराफाच्या गादीवर ही खात्री न्यायाधीश देत नाही. खाचांचे तबक आणि तराजूचा काटा ती देतात.

या शिस्तीचा सर्वांत मोठा गुण असा, की ती सर्वांस सारखीच लागू होते. तबक प्रत्येकासमोर मोजले जाते, प्रत्येक वेळी तोलले जाते. समोर राजघराण्यातील स्त्री असो की गावाकडची शेतकरीण. त्यामुळे कोणासही आपल्यावर संशय घेतला जातो असे वाटत नाही. जेथे असा नियम नसतो तेथे विक्रेता कपड्यांवरून, भाषेवरून, चेहऱ्यावरून माणसे पारखू लागतो. आणि चोर नेमका उत्तम कपडे घालून येतो. नियमाने प्रामाणिक गिऱ्हाइकाची अब्रू राखली जाते, नोकरावरील आळ टळतो आणि मालकाचे धन वाचते. मग लेकीच्या लग्नासाठी पै पै साठवून आलेली आई गादीवर निःसंकोच बसू शकते, बांगडी हातात चढवून दिव्याच्या उजेडात पाहू शकते, आणि आवडली नाही तर सन्मानाने परत करून उठू शकते.